पन्नास पुढे

पहिला बॉम्ब आमच्या आणि त्यांच्या मधे पडला. दुपारचे तीन अठ्ठावन्न झाले होते. मनगटावर घड्याळ होतं आणि प्रत्येक गोष्टीची वेळ बघायची सवय जनरलनी लावली होती, म्हणून मिनिटासकट सांगते.

आम्ही नाल्यात पालथे पडलो होतो. नाला कोरडा, कमरेएवढा खोल. समोर शंभर पावलांवर दगडांची बुटकी टेकडी. टेकडीच्या आमच्याकडच्या उतारावर नक्षलवादी होते आणि आमच्यावर गोळ्या झाडत होते. टेकडीच्या पलीकडे, आणखी तीनशे पावलांवर, आमची पोलीस चौकी. चौकीच्या आवारात हवालदार तलांडी दोन इंची मोर्टार घेऊन बसले होते. मोर्टार म्हणजे हातभर लांबीची नळी. तिच्यातून बॉम्ब वर उडतो आणि मधली टेकडी ओलांडून पलीकडे पडतो. तो कुठे पडला हे तलांडींना दिसत नव्हतं. आम्हाला दिसत होतं.

जनरल माझ्या डाव्या हाताला होते. जमिला माझ्या उजव्या हाताला, तीन हातांवर.

"पन्नास पुढे," जनरल म्हणाले. "सांग."

वॉकीटॉकी माझ्याकडे होता. मी सांगितलं, "पन्नास पुढे. ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर. मग तलांडींचा आवाज आला, "बाई, पन्नास पुढंच ना? ओव्हर."

जनरल टेकडीकडे बघत होते. मी त्यांना काही विचारलं नाही.

"पन्नास पुढे. ओव्हर."

दुसरा बॉम्ब आमच्यावर पडला.

मी होमगार्ड होते. चौथी पास, सावली तालुक्यातली, धानाची रोवणी करणारी बाई. नाव पारबता. तिशीत नवरा वारला. पुढे काही वर्षांनी बायकांची भरती निघाली, मी धावले, त्यांनी उंची मोजली आणि घेतलं. खाकी पँट, खाकी शर्ट, काळे बूट. गावातले लोक सहा महिने हसले, मग थकले. होमगार्ड म्हणजे पक्का शिपाई नाही. बोलावणं आलं की जायचं, यात्रेला, मोर्च्याला, निवडणुकीला, आणि काम संपलं की परत येऊन निंदण करायचं. पण समोरून गोळी झाडणारा तुम्ही पक्के की कच्चे हे बघत नाही.

दर सव्वीस जानेवारीला शाळेत बोलावतात आणि मुलांना गोष्ट सांगा म्हणतात. मी मतपेटी कशी आणली ते सांगते. मुलं टाळ्या वाजवतात. ती गोष्ट खरी आहे, पण अर्धी आहे. आता वय झालं. उरलेली अर्धी लिहून ठेवते.

जनरल म्हणजे सुभेदार महादेव निकुरे, आमच्या तालुक्यातल्या होमगार्डचे प्रमुख. खरे जनरल नव्हते. वैनगंगेच्या काठच्या गावात दोन एकर धानाच्या घरात जन्मले. अठराव्या वर्षी नागपूरला भरतीला गेले. भरतीवाल्याने खांदे बघितले आणि तोफखान्यात टाकलं. पहिली दोन वर्षं त्यांनी फक्त गोळे उचलले, ट्रकमधून तोफेपर्यंत. मग गोळा भरणारे झाले, मग नेम लावणारे. एकाहत्तरच्या लढाईत ते तोफेवर होते. गोळा कुठे पडला, कोण मेलं, हे त्यांना फोनवर कळायचं. पुढे ते ओपीवर गेले. ओपी म्हणजे तोफांपासून लांब, पुढे, जिथून गोळा पडताना दिसतो ती जागा. पण ते सगळं सरावात. समोर माणसं असताना पडणारा गोळा त्यांनी कधी बघितला नव्हता. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांना बरं वाटत होतं.

अठ्ठावीस वर्षांनी सुभेदार होऊन परत आले. गावात पहिल्या दिवशी इस्त्रीचा कोट आणि टोपी घालून चहाच्या टपरीवर बसले, तेव्हा कोणीतरी मागून म्हटलं, "आले बापा जनरल." त्यांचा डावा कान तोफांनी गेला होता, उजवा शाबूत होता. त्यांनी मान वळवली.

"जनरलच्या मागे मोठी फौज असते," ते म्हणाले. "माझ्या मागे एक म्हैस हाये. तिले पाणी दाखवाचं हाये. चहा लवकर दे."

त्या दिवसापासून सगळे त्यांना जनरलच म्हणायला लागले. आधी टिंगल म्हणून, पुढे तशी सवय म्हणून. ते कधी रागावले नाहीत आणि कधी खूशही झाले नाहीत.

त्यांना एकाच गोष्टीचा अभिमान होता. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडा लावला की ते तेच भाषण करायचे. भाषण एका वाक्याचं: "अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, माझ्या तोफेचा एकही गोळा आपल्या माणसावर पडला नाई." मग खाली बसायचे. आम्हाला वाटायचं, एवढंच? लढाईचं काही सांगा ना. आता कळतं की तोफवाल्याला याच्यापेक्षा मोठं सांगण्यासारखं काही नसतं.

परेडनंतर ते आम्हाला तोफखान्याची रीत शिकवायचे. आमच्याकडे तोफ कुठली, काठ्या होत्या आणि काही जुन्या रायफली. पण ते खेळ म्हणून शिकवायचे. एकाच्या डोळ्यांवर दुपट्टा बांधायचे आणि हातात दगड द्यायचे. जमिनीवर चुन्याचा गोल. दुसरा त्याच्या पाठीमागे उभा राहून सांगायचा, दहा पुढे, पाच मागे, थोडा उजवीकडे. दगड गोलात पडला की खेळ संपला.

"तीन माणसं लागते," ते सांगायचे. "बघणारा एक, मांडणारा एक, मारणारा एक. बघणारा कुठी बी असू शकते. तोफेच्या बाजूले, नाईतर तिच्या एकदम समोर. तो आपल्या जागेवरून सांगते. मांडणारा कमांड पोस्टमधी कागद घेऊन बसते, त्याचं सांगणं तोफेच्या बाजूनं उलटवून घेते आणि मग मारणाऱ्याले देते. मारणाऱ्यानं डोकं चालवाचं नाई. बघणाऱ्यानं उलटवाचं नाई. आपापलं काम कराचं."

आणि वायरलेसवर बोलणाऱ्यासाठी वेगळा नियम: "सांगितलं तेच सांगाचं. एक अक्षर जास्त नाई, एक अक्षर कमी नाई."

तो नियम माझ्यासाठी होता. त्यांना वॉकीटॉकीवरचं नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून तो माझ्या गळ्यात असायचा. मी त्यांच्या उजवीकडे उभी राहायची, आलेलं त्यांना सांगायची, त्यांचं तिकडे सांगायची. जमिला मला जनरलचा कान म्हणायची. "ए कान, जनरलले विचार ना, जेवाले सुट्टी कवा."

जमिला सावलीची, पिंजाऱ्याच्या घरची. तिचा मोठा भाऊ करीमभाऊ गाद्या भरायचा. नवऱ्याने सोडल्यावर ती माहेरी आली आणि वर्षभरात भरती झाली. पहिल्या दिवशी खाकी घालून निघाली तेव्हा तिच्या आईने विचारलं, "पँट घालून कुठी चालली व?" जमिला म्हणाली, "गाद्या भराले." एकोणतीस वर्षांची होती. तोंड बंद नसायचं. ती बोलत असली की वाट छोटी व्हायची, हे मी तेव्हा तिला कधी सांगितलं नाही.

त्या वर्षीची निवडणूक फेब्रुवारीत होती. जंगलातल्या केंद्रांवर बायकांची झडती घ्यायला बाई होमगार्ड हवी होती. यादीत मी आणि जमिला. जनरलना जायची गरज नव्हती. ते म्हणाले, माझ्या तालुक्याच्या दोन बायका जाते तर मी जाईन.

आलापल्लीपर्यंत ट्रकने गेलो. पुढे रस्ता संपतो तिथून अकरा किलोमीटर पायी. सागाची पानं झडली होती, बूट पडला की आवाज व्हायचा. जनरलना तो आवाज आवडला नाही. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे अजून माणसं राहतात आणि त्यांनी आमचं काही वाईट केलं नाही. मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी दीडला चौकीत पोचलो.

मतदानाच्या सकाळी साडेपाचला मी चहासाठी थांबले होते. हवालदार तलांडी वाळूच्या पोत्यांमागे बसून मोर्टार पुसत होते. ते त्याच भागातले गोंड, पन्नाशीचे, कमी बोलणारे. मी विचारलं, हे कसं चालवता. त्यांनी दाखवलं. नळीवर पांढरी रेघ होती, ती रेघ समोरच्या झाडाकडे धरायची. नळी झुकवली की बॉम्ब दूर पडतो, उभी केली की जवळ. पंधरा दिवसांच्या कोर्समध्ये एवढंच शिकवलं होतं.

"कुठी पडला ते कोन सांगते?" मी विचारलं.

"मीच पायतो," ते म्हणाले. "मीच मारतो, मीच पायतो."

"आन मांडते कोन?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. मीही पुढे बोलले नाही, चहा आला.

जनरल वीस पावलांवर उभे होते. त्यांनी मोर्टारकडे एकदा बघितलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यांच्या हाताखालच्या तोफेचा एक गोळा माणसाच्या मांडीएवढा होता. ते म्हणाले, "हे तर पिचकारी होय." जमिला हसली. मीही हसले. ते तलांडींजवळ गेले नाहीत. पाच मिनिटं त्यांच्याशी बोलले असते तर काय बोललं की काय समजायचं ते ठरलं असतं. ओपी आणि तोफ यांचं आधी ठरवून घेतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण त्यांना ती तोफ वाटली नाही.

केंद्र अडीच किलोमीटरवर, गावच्या शाळेत. मतदान सात ते तीन. मतदार थोडे आले. बायका आल्या त्या पिशव्यांत कंदमुळं घेऊन आल्या, मतदान करून तशाच रानात गेल्या. तीन वाजता मास्तरांनी पेटीला लाख लावली. मास्तर म्हणजे केंद्राचे प्रमुख, गडचांदूरकडच्या शाळेतले शिक्षक, लग्नाचे कपडे घालून आल्यासारखे नीट. त्यांच्याबरोबर दोन कर्मचारी. बरोबर तीन पोलीस शिपाई. मग जनरल, जमिला, मी. नऊ जण.

तीन वीसला निघालो. जनरलनी सकाळची वाट सोडून धान कापलेल्या बांध्यांमधून नेलं. दोन माणसांत दहा पावलांचं अंतर. सगळ्यांत पुढे शिपाई मडावी, चोवीस वर्षांचा, त्याचं लग्न उन्हाळ्यात ठरलं होतं. जमिला मागून त्याला सांगत होती की तुझ्या लग्नाची गादी माझ्या भावाकडूनच घ्यायची, सासऱ्याने आणलेल्या गादीत कापूस नसतो, चिंध्या असतात. मडावी मागे न बघता हसत होता. जनरल म्हणाले, "बोलणं बंद." ती गप्प झाली.

टेकडीच्या अलीकडे, तीन पंचेचाळीसला, पहिली गोळी आली. ती मडावीला लागली. तो बांधीत बसला, मग आडवा झाला. आम्ही नाल्यात उड्या मारल्या. दोन शिपायांनी उत्तर दिलं, पण टेकडीवरून नाला दिसत होता आणि नाल्यातून टेकडीवरच्या दगडांआडचं कोणी दिसत नव्हतं. त्याच वेळी चौकीवरही मोहाच्या झाडांकडून गोळीबार सुरू झाला. म्हणजे चौकीतले लोक आमच्याकडे येऊ शकत नव्हते. शिपायांच्या गोळ्या संपत चालल्या होत्या. टेकडीवरून ते उतरले असते तर नाल्यात कोणी उरलं नसतं.

मास्तर पेटीवर पालथे पडले होते. जमिला त्यांना म्हणाली, "मास्तर, पेटीखाली जा, पेटीवर काऊन झोपले?" मास्तर हसले आणि त्यांनी खरंच पेटी डोक्यावर घेतली. तिचं शेवटचं बोलणं ते.

जनरलनी मला वेळ विचारली. तीन चोपन्न. मग म्हणाले, "चौकीले सांग, मोर्टार लावा. टेकडीची नाल्याकडची बाजू. मी बघतो."

मी सांगितलं. तलांडींनी अंदाजाने पहिला बॉम्ब मारला. तो टेकडी ओलांडून बराच पुढे आला, आमच्यापासून पन्नास पावलांवर रिकाम्या बांधीत फुटला. पुढचं मी सुरुवातीला लिहिलं आहे.

आता ते नीट सांगते. आम्ही आणि चौकी समोरासमोर होतो, मधे टेकडी. जनरलना बॉम्ब आणखी पन्नास पावलं टेकडीकडे हवा होता. आमच्याकडून बघितलं तर पुढे. चौकीकडून बघितलं तर मागे. जनरलनी अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने आपल्या बाजूने सांगितलं. ओपीने आपल्या बाजूनेच सांगायचं असतं. उलटवणारा त्यांच्या पाठीशी कायम होता, कमांड पोस्टमध्ये, कागद घेऊन. त्या दिवशी कमांड पोस्ट नव्हती. मी होते.

आणि मला माहीत होतं. हे लिहायलाच मी बसले आहे. तलांडी कुठे तोंड करून बसतात ते मी सकाळी बघितलं होतं. त्यांच्याकडे मांडणारा नाही हे मी सकाळी विचारून घेतलं होतं. जनरल "पन्नास पुढे" म्हणाले तेव्हाच माझ्या मनात आलं, कोणाच्या पुढे? तलांडींनाही शंका आली, त्यांनी मला विचारलं. माझ्याकडे तेवढा वेळ होता. एक शब्द टाकायचा होता, 'तुमच्याकडे' किंवा 'आमच्याकडे'. पण एक अक्षर जास्त नाही हा नियम होता, आणि समोर अठ्ठावीस वर्षांचे सुभेदार होते, आणि मी चौथी पास. मी नियम पाळला.

बॉम्ब नाल्याच्या काठावर, जमिलाच्या बाजूला फुटला. माझ्या पिंढरीत तुकडा घुसला, तो अजून आत आहे. जमिलाला मानेत आणि छातीत लागलं. मी तिच्यापर्यंत सरकले तेव्हा तिचे डोळे उघडे होते. एवढी बोलणारी बाई, काही बोलली नाही. चार वाजले होते.

जनरल गुडघ्यांवर उठले होते. कोणीही गोळी मारली असती. ते जमिलाकडे बघत होते. मग एकच शब्द म्हणाले, "मांडणारा." मला नाही, कोणालाच नाही.

मी त्यांना खाली ओढलं आणि वॉकीटॉकी तोंडाशी धरला. जनरलना विचारलं नाही.

"तलांडीदादा, बॉम्ब आमच्यावर पडला. आता चौकीकडे ओढा. तुमच्याकडे, शंभर पावलं. समजलं? ओव्हर."

"माह्याकडं शंभर. ओव्हर."

आमच्या गावात वाट विचारली तर कोणी पुढे-मागे सांगत नाही. बोडीच्या तळ्याकडे, मोहाकडे, देवळाकडे असंच सांगतात. चौथी पास बाईला ते येत होतं. तीन मिनिटांपूर्वीही येत होतं.

तिसरा बॉम्ब टेकडीच्या उतारावर पडला, चार वाजून दोन मिनिटांनी. चौथा त्याच्या शेजारी. पाचव्यानंतर टेकडीवरून गोळी आली नाही. चार दहाला सगळं थांबलं. चौकीतले लोक आम्हाला न्यायला आले. मास्तरांनी पेटी कोणाच्या हातात दिली नाही, स्वतः उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आलापल्लीच्या दवाखान्यात माझ्या पायाला पट्टी बांधली. जनरल बाहेर बाकावर बसले होते. मी लंगडत जाऊन उजवीकडे बसले. सांगायचंच होतं, तर मी लगेच सांगितलं.

"साहेब, मले माहीत होतं. चूक होऊन राह्यली ते मले समजलं होतं."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "मग काऊन नाई बोलली?"

"तुमीच शिकवलं होतं. एक अक्षर जास्त नाई."

त्यांनी मान हलवली. "बराबर हाये," ते म्हणाले. मग ते उठले आणि तलांडींना निरोप द्यायला वायरलेसच्या खोलीत गेले. निरोप असा होता की हवालदाराने हुकूम बरोबर पाळला, त्याची चूक नाही. तो निरोप मीच बोलून पाठवला. एक अक्षर जास्त घातलं नाही.

चौकशीला एक अधिकारी आले. जनरल उभे राहून म्हणाले, "दुसरा बॉम्ब माझ्या हुकमानं पडला. बाई त्यानं गेली. लिहा." अधिकारी चांगले गृहस्थ होते. त्यांनी समजावलं की असं लिहिलं तर तलांडी अडकतील, जमिलाच्या घरच्यांना शहीद म्हणून मान मिळणार नाही, आणि पलीकडच्यांना आयतं हसायला मिळेल. जनरल म्हणाले, "तरी लिहा." त्यांनी लिहिलं नाही. कागदावर 'शत्रूच्या गोळीबारात' असं आहे. मला विचारलं तेव्हा मी जनरलचंच सांगणं सांगितलं, माझं स्वतःचं नाही. जनरल माझ्याकडे बघत होते. त्यांनीही सांगितलं नाही.

आठव्या दिवशी जनरल सावलीला करीमभाऊंकडे गेले. मला बरोबर घेतलं. कोट नाही, टोपी नाही, धोतर आणि सदरा. करीमभाऊ गादीला टाके घालत होते. हातातली सुई त्यांनी खाली ठेवली नाही. जनरलनी उभ्यानेच सांगितलं, सगळं, माझा भाग सोडून.

करीमभाऊंनी आणखी दोन टाके घातले. मग म्हणाले, "साहेब, कागद आला तो मले वाचता येत नाई. शेजारच्यानं वाचून दाखवला. आता तुमी वेगळं सांगून राह्यले."

"हो."

"कोनतं खरं?"

"मी सांगून राह्यलो ते."

"मंग येवढं करा. माह्या अम्मीले नका सांगू."

आतून, पडद्यामागून, म्हातारीचा आवाज आला, "ऐकलं मी."

ती पडदा सारून बाहेर आली. तिने जनरलना बसायला कापसाचा गठ्ठा दाखवला. ते बसले. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "तू होती का तिच्याजवळ?"

"होती. तीन हातांवर."

"काही बोलली का?"

"मास्तरले हसवलं तिनं. त्याच्यानंतर नाई."

म्हातारीने मान हलवली. तिने पाणी दिलं, आम्ही पिऊन निघालो. दारात जनरल अडखळले, मी हात धरला. मी माझं सांगायला पाहिजे होतं. त्या खोलीत सांगण्याइतकी मोठी मी नव्हते. म्हातारी पुढच्या वर्षी गेली.

पुढच्या सव्वीस जानेवारीला जनरलनी झेंडा लावला आणि भाषण न करता खाली बसले. हेडमास्तरांना वाटलं ते विसरले, त्यांनी आठवण केली. जनरल म्हणाले, "ते भाषण आता होत नाई." पुन्हा कोणी विचारलं नाही.

पण परेड त्यांनी सोडली नाही. आणखी चार वर्षं घेतली. दगडाचा खेळही तसाच ठेवला, फक्त एक बदल केला. सांगणारा आता दगड मारणाऱ्याच्या पाठीमागे नसायचा, त्याच्या समोर उभा राहायचा, त्याच्याकडे तोंड करून. पहिल्या दिवशी सगळ्यांचे दगड सांगणाऱ्याच्याच पायावर पडायचे. नव्या पोरी हसायच्या. जनरल हसू द्यायचे. मग म्हणायचे, "आता त्याच्या जागेवरून सांग." आणि वायरलेसचा नियम त्यांनी बदलला. सांगितलं तेच सांगायचं, पण शंका आली तर आधी विचारायचं, समोर कोणीही असो. हे सांगताना ते माझ्याकडे बघायचे नाहीत. मी त्यांच्या उजवीकडेच उभी असायची.

जनरल घरी खाटेवर वारले, न्युमोनियाने, दोन हजारनंतरच्या एका पावसाळ्यात. शेवटच्या आठवड्यात उजवा कानही गेला होता. मी जायची आणि बसायची.

तलांडी हवालदार निवृत्त झाले, एटापल्लीकडे शेती करतात असं कळलं. मास्तर एकदा भेटले, चंद्रपूरच्या बसस्टँडवर. मला ओळखून त्यांनी पाया पडायला हात खाली नेला, मी धरला. करीमभाऊंचे डोळे आता काम करत नाहीत. हे लिहून झालं की त्यांच्याकडे नेणार आहे. त्यांचा नातू कॉलेजात जातो, तो वाचून दाखवेल. कोणतं खरं, असं त्यांनी विचारलं तर हे, असं मी सांगेन.

नाल्याच्या वाटेने नऊ जण निघालो होतो. शिपाई मडावी तीन पंचेचाळीसला गेला, त्यांच्या गोळीने. जमिला चार वाजता गेली, आमच्या बॉम्बने. सात जण चौकीत जिवंत पोचले. मास्तर, त्यांचे दोन कर्मचारी, दोन शिपाई, जनरल आणि मी.